दिवस जाण्याआधीचे तीन महिने: आईच्या पोटाची तयारी

बाळाची तयारी आपल्याकडे बहुधा पाळी चुकल्यावर सुरू होते. तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतो ती नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे हाती राहतात. त्याच सुमारास मळमळ सुरू होते. ज्या बाईला तोणाकाच्या (कडधान्याच्या रस्सेदार भाजीच्या) वासानेच उमासा येतो, तिला तेव्हा रोज कडधान्य आणि पालेभाजी खा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. आतड्याला वळण लावायचे तर ते अन्न गोड लागते तेव्हाच लावून घ्यावे. त्यासाठी तीन महिने धरून चला. रक्तातले लोह भरून यायला, अँटिबायोटिकनंतर आतडे सावरायला आणि नवऱ्याचे शुक्राणू नव्याने तयार व्हायला तेवढा काळ हाताशी असावा लागतो.

आईच्या आतड्याचा बाळाशी काय संबंध

आपण खाल्लेला चोथा (फायबर) आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी आम्ले तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, काही भाग रक्तात जातो, आणि गरोदरपणी वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. 2020 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या प्रयोगात ज्या माद्यांना गाभणपणी चोथा मिळाला नाही, त्यांची पिल्ले पुढे स्निग्ध खाण्यावर लवकर लठ्ठ झाली आणि त्यांची साखर बिघडली. आयांना प्रोपिओनेट दिल्यावर हे टळले. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या दुसऱ्या प्रयोगात माद्यांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिकने मारल्यावर गर्भाच्या मेंदूत स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या तंतूंची वाढ कमी दिसली. हे उंदरांचे निष्कर्ष आहेत. माणसात तेच तसेच घडते असे यावरून म्हणता येत नाही. पण रस्ता कोणता, हे त्यातून कळते.

एक समज इथेच दूर करू. वारेत जिवाणूंची वस्ती असते असे काही वर्षे सांगितले जात होते. 2019 साली केंब्रिजच्या चमूने पाचशेहून अधिक बायकांची वार तपासली आणि तशी वस्ती नसल्याचे दाखवले. गरोदरपणी बाळाकडे जातात ते जिवाणूंनी बनवलेले पदार्थ. प्रत्यक्ष जिवाणू मिळतात जन्माच्या वेळी आणि नंतर अंगावरच्या दुधातून, आईच्या कातडीवरून. तेव्हा आईच्या आतड्यात जे असेल त्यातले बरेचसे बाळाला मिळणार.

पहिले दोन आठवडे: तपासण्या आणि औषधांची झडती

ताट बदलण्याआधी डॉक्टरांकडे जा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात केली तरी चालते; पुढचे काही निघाले तर म्हापसा, मडगावची जिल्हा इस्पितळे आणि बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहेच.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. एचबीए1सी आधीच मधुमेह असलेल्या बाईत 6.5 टक्क्यांच्या खाली आणून मगच दिवस जाऊ द्यावेत. 10 च्या वर असेल तर तोवर थांबलेच पाहिजे. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, पोट फुगत असेल, पातळ शौच होत असेल, तर सिलिॲक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सुचवून पाहा. मात्र तपासणीपर्यंत पोळी-पाव चालू ठेवा. गहू आधीच सोडला की तपासणी खोटी निगेटिव्ह येते, आणि पुन्हा काही आठवडे गहू खाऊन ती करावी लागते.

फॉलिक ॲसिड आजच सुरू करा: रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून, पहिले तीन महिने संपेपर्यंत. फार्मसीत सहज मिळते ती गोळी बहुधा 5 मिलिग्रॅमची असते, म्हणजे बारापट. ती आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या, फिटची औषधे घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या बायकांसाठी डॉक्टर देतात. पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. आरोग्य केंद्रातून मिळणारी आठवड्याची लाल गोळी (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक) चांगली आहे, पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असल्याने रोजच्या फॉलिकची जागा भरून काढत नाही.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली तर एक गोष्ट पोटाच्या दृष्टीने महत्त्वाची. जे लोह शोषले जात नाही ते मोठ्या आतड्यात उतरते, तिथली वस्ती बिघडवते आणि बद्धकोष्ठ करते. म्हणून जास्त गोळ्या म्हणजे जास्त फायदा असे नाही. एक दिवसाआड घेतली तर गोळीतले लोह अधिक चांगले शोषले जाते असे दिसून आले आहे. तसे चालेल का ते विचारा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा त्याच्या आधी-नंतर तासभर नको.

जंतांचे औषध हा आपल्याकडे नेहमी मागे पडणारा मुद्दा. बागायतीत अनवाणी फिरणाऱ्या, विहिरीचे पाणी न उकळता पिणाऱ्या घरात जंत असणे नवल नाही, आणि आकडी जंत रक्त पितात. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती चालत नाही. म्हणून पाळी आल्या आल्या डॉक्टरांना विचारून ती घ्या आणि पुढचा एक महिना दिवस राहू देऊ नका.

आता घरातला औषधांचा डबा उपडा करा. सकाळी उठून सवयीने घेतलेली ॲसिडिटीची गोळी लोह आणि बी-12 चे शोषण कमी करते आणि आतड्यातली वस्तीही बदलते. खरी गरज आहे का, हे विचारून हळूहळू कमी करा. अचानक सोडली तर जळजळ दुप्पट होते. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 पाहाच. रोज रात्री घेतले जाणारे ‘पोट साफ’ करणारे चूर्ण उघडून घटक वाचा. त्यात बहुधा सोनामुखी असते, आणि रोज तिच्यावर चालणाऱ्या पोटाला तिचीच सवय लागू शकते. त्याऐवजी इसबगोल एक ते दोन चमचे, मोठा पेलाभर पाण्यात, वर आणखी पेलाभर पाणी. पाणी कमी पडले तर तेच अडकते. इतर गोळ्यांपासून ते दोन तास लांब ठेवा. लेबल नसलेली, वैदूने पुडीत बांधून दिलेली औषधे या काळात पूर्ण बंद. त्यांत शिसे आणि पारा निघाल्याची उदाहरणे आहेत.

सर्दीपडशाला मनानेच अँटिबायोटिक घेऊ नका. एका जोरदार कोर्सनंतर आतडे बऱ्याच अंशी पूर्ववत व्हायला दीडेक महिना लागतो, काही जाती तर सहा महिन्यांनीही परतत नाहीत. लघवीचा संसर्ग किंवा टायफॉइड असेल तर मात्र कोर्स पूर्ण करा आणि तीन महिन्यांचे घड्याळ तिथून पुन्हा लावा. आतड्याला सूज असण्याचा आजार असेल तर तो निदान तीन महिने शांत असला पाहिजे. त्याची औषधे मनाने थांबवू नका. मेथोट्रेक्सेटसारखे औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने आधी बदलून घ्यावेच लागते.

ताट

शीत (भात), कडी, नुस्ते (मासळी). आपले रोजचे ताट चवीला पुरे आहे, प्रथिनालाही पुरे आहे, पण चोथ्यात फार तोकडे. मासळीत चोथा शून्य. पांढऱ्या भातात शंभर ग्रॅम तांदळामागे तीन ग्रॅमच्या आत. सकाळी मैद्याचा पाव, दुपारी भात-हुमण, रात्री पुन्हा तेच, असे खाल्ले तर दिवसाला दहा-बारा ग्रॅम हाती लागतात. हवेत 25 ते 30.

ते आणण्यासाठी परदेशी बिया विकत आणायची गरज नाही. कच्च्या वजनाने हिशेब करून पाहा: नाचणी 40 ग्रॅमची आंबील साडेचार ग्रॅम, उकडा तांदूळ 150 ग्रॅम साडेपाच, अळसांदे (चवळी) 40 ग्रॅम साडेचार, सालासकट मूग 30 ग्रॅम पाच, तांबडी भाजी 100 ग्रॅम चार, ओले खोबरे 30 ग्रॅम तीन, एक मध्यम पेरू आठ. बेरीज तिसाच्या वर जाते आणि यात एकही पदार्थ अनोळखी नाही. खोबऱ्याबद्दल एवढेच, की वाटण घाला. रस काढून उरलेला कीस टाकून दिला तर चोथाही गेला. पोई या पावावर कोंडा भुरभुरलेला असतो म्हणून ती पूर्ण गव्हाची असतेच असे नाही. पोदेराला (पाववाल्याला) मैदा किती घालतो ते विचारा.

मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची रस्सेदार भाजी) इथे फार कामाची आहे, म्हणून थोडे सविस्तर. तिघांसाठी 100 ग्रॅम मूग रात्री आठ-दहा तास भिजत घाला. सकाळी पाणी फेकून द्या, धुवा, ओल्या फडक्यात सैल बांधा. आपल्या हवेत बारा ते सोळा तासांत मोड येतात. पावसाळ्यात दोनदा उघडून धुवायला विसरू नका. बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर सगळे टाका, शिजवून वाचवायला जाऊ नका. मोड आल्यावर पाण्यात चोळून साल काढायची आपली रीत आहे. पदार्थ त्याने देखणा होतो, पण चोथ्याचा मोठा वाटा त्या सालातच असतो. हे तीन महिने साल राहू द्या. मोड कच्चे खाऊ नका, पूर्ण शिजवा.

वाढवायचे ते हळू. एकदम दहाचे तीस केले की पोट फुगते, गुरगुरते, आणि चौथ्या दिवशी “मला कडधान्य सोसत नाही” म्हणून सगळे बंद होते. सोसत नाही असे नसते. तो चोथा आंबवणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात. आठवड्याला पाच ग्रॅम वाढवा. आधी मूग, मग अळसांदे, मग कुळीद, शेवटी हरभरा आणि वाटाणा. भिजवलेले पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवा. दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्या. चोथा वाढवला आणि पाणी तेवढेच ठेवले तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढते. तीन आठवड्यांनंतरही फुगणे थांबले नाही तर कांदा, लसूण, वाटाणा, गहू यांतले एकेक आठवडाभर बाजूला ठेवून पाहा. सगळे एकदम बंद करू नका.

प्रमाणाइतकीच विविधता महत्त्वाची. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन गट प्रोजेक्टच्या (इंग्रजी ‘गट’ म्हणजे आतडे) पाहणीत आठवड्याला तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात दहाच्या आत खाणाऱ्यांपेक्षा अधिक विविध जिवाणू आढळले. तीस हा आकडा मोठा वाटतो, पण चवथीच्या माटोळीकडे (गणपतीवर टांगलेल्या फळाभाज्यांकडे) मान वर करून पाहिले की वाटत नाही. धान्य, कडधान्य, भाजी, फळ, तीळ, कोथिंबीर, आले, सगळे धरायचे. एक खतखते (मिसळीची भाजी) केले की आठ-दहा प्रकार एका टोपात येतात. पावसाळ्यात टायकिळा, तेरे, किल्ल या रानभाज्या म्हापशाच्या बाजारात पाटीवर मिळतात ते घ्या. टायकिळा मात्र कोवळा आणि बेताने, जास्त झाला की पोट ढिले करतो. रानातली अळमी (मशरूम) ओळखीच्या माणसाकडून येत नसतील तर या काळात सोडून द्या.

शिळ्या भाताबद्दल विचारणा होते. शिजवून थंड केलेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो आणि जिवाणूंना तो आवडतो, हे खरे. पण भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खाणे आपल्या दमट हवेत धोक्याचे आहे. बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि त्यांचे विष पुन्हा उकळून जात नाही. ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांत खा, एकदाच गरम करा.

मासळी सोडायची नाही. बांगडे, तारली आठवड्यातून दोन-तीन वेळा चांगले. मेंदूच्या घडणीला लागणारे ओमेगा-3 त्यांत आहे. मोरी (शार्क) बंद आणि मोठी इसवण (सुरमई) क्वचित, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो आणि तो शरीरातून महिनोन्‌महिने निघत नाही. म्हणूनच तो आधी सोडायचा. फेणी, हुर्राक, बिअर, वाईन, काहीच नको. ‘थोडी चालते’ असे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही. मिश्री आणि गुटखा तर दोघांनीही सोडायचा.

दही, आंबवलेले आणि प्रोबायोटिकच्या कॅप्सूल

घरचे दही रोज एक वाटी, साधारण 150 ग्रॅम. दूध उकळून बोट बुडवता येईल इतके कोमट झाल्यावर अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागते. लागले की लगेच फ्रिजमध्ये. जिवंत जिवाणू हवे असतील तर दही तसेच किंवा ताक करून घ्या; कढी केली की ते मेले. सान्ना, इडली, आंबोळी वाफेवर किंवा तव्यावर जातात, त्यामुळे जिवंत जिवाणू त्यांतही उरत नाहीत. तरी आंबवल्याने लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि लोह जास्त लागू पडते, म्हणून त्या खाव्याच. सोलकढी आंबवलेली नसते. मिस्कुट (कैरीचे लोणचे) आणि व्हिनेगरची लोणची यांना प्रोबायोटिक म्हणू नये. त्यांत मिठाचाच भरणा जास्त.

महागड्या कॅप्सूलवर आमचा भर नाही. निपर नावाच्या चाचणीत ब्रिटन, सिंगापूर आणि न्यूझीलंडमधल्या 1,729 बायकांना दिवस जाण्याआधीपासूनच इनोसिटॉल, प्रोबायोटिक आणि सूक्ष्मपोषके एकत्र दिली. गरोदरपणातल्या साखरेत फरक पडला नाही. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे मात्र कमी झाली. पण तिन्ही एकत्र दिल्याने त्याचे श्रेय एकट्या प्रोबायोटिकला देता येत नाही. महिन्याला हजार रुपये हाताशी असतील तर ते कडधान्य, फळे आणि दुधावर खर्चा.

पाणी आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर हा काळ तीन महिन्यांत येत असेल तर पाणी खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळलेलेच प्या, मग ते विहिरीचे असो वा नळाचे. हेपॅटायटिस ई ही पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईला जीवघेणी ठरू शकते. बाहेरचा बर्फ, कापलेली फळे, गाड्यावरची चटणी टाळा. टायफॉइडची लस आधीच घेता येते; विचारून ठेवा. जुलाब लागले तर ओआरएसने बहुतेक वेळा भागते. शौचातून रक्त, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांत घरगुती उपाय करत बसू नका.

नवऱ्याचे ताटही तेच

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. 2024 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात नर उंदरांच्या आतड्यातली वस्ती अँटिबायोटिकने बिघडवल्यावर त्यांची पिल्ले कमी वजनाची आणि खुरटी निघण्याचे प्रमाण वाढले, वारेतही दोष दिसले. मिलनाआधी नराचे आतडे सावरू दिले तेव्हा हा परिणाम ओसरला. शिवाय घरात दोन वेगळी ताटे फार दिवस चालत नाहीत. सासूबाई, जाऊबाई यांना हे आधीच नीट समजावून सांगितले तर “आतापासूनच कसले पथ्य” हा प्रश्न रोज ऐकावा लागत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर

फॉलिक चालू, दही चालू, शिजवलेली कडधान्ये चालू. जंताची गोळी आणि मनाने घेतलेले कुठलेही औषध बंद. मळमळ वाढली की चोथ्याचे आकडे मोजत बसू नका. आधी पोटात टिकेल ते घ्या: सकाळी उठण्याआधी सुके काहीतरी, मग उकड्या तांदळाची कोमट पेज मीठ घालून, मुगाचे पाणी, थोडे केळे; दर दोन तासांनी थोडे थोडे. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा फार कमी होत असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भूक परतली की मुगापासून पुन्हा सुरुवात करा, त्याच क्रमाने आणि तेवढ्याच सावकाश.